मदत हवी आहे : भावासाठी निवासी संस्था निवडताना काय पाहावं?

नमस्कार. आम्ही कळव्यात राहतो. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. आईचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून ठाणे, नवी मुंबईत निवासी संस्था शोधतेय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार संस्थेची नोंदणी लागतेच, ते प्रमाणपत्र मी मागून बघते. पण कागदावरून रात्रीचं काय कळणार?

मागच्या आठवड्यात एके ठिकाणी गेलो. फरशी चकचकीत, पण झोपायच्या खोलीला बाहेरून कडी. रात्री वीस जणांमागे एकच ताई. भावाला फिट येते, गोळी चुकून चालत नाही. गोळ्यांची नोंदवही मागितली तर "आम्हाला पाठ आहे" म्हणाले. आई तिथून उठलीच. दुखलं तर तो सांगत नाही, नुसता गप्प बसतो, हीच मोठी भीती आहे.

ज्यांचं माणूस अशा ठिकाणी राहतं, त्यांनी कृपया सांगा: न कळवता भेटायला जाऊ देतात का? आंघोळीला, कपडे बदलायला कोण असतं? अंगावर वळ दिसला तर तुम्ही कुणाकडे गेलात? आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व कुणी घेतलंय का? आई आहे तोवर ते माझ्या नावावर करायचंय.