शब्दचर्चा : ‘क्रियाविशेषणं काढून टाका’ हे मराठीला लागू पडतं का?

परळची वाचक :
दादरच्या एका कथालेखन कार्यशाळेत मी हा उतारा वाचला : ‘दादरला गाडी थांबली आणि माणसं भसाभस उतरली. सुमन घाईघाईने पुलाचा जिना चढली. “आईला कुठे ठेवलंय?” तिने फोनवर चिंताग्रस्तपणे विचारलं. मग ती ढसाढसा रडली.’ मार्गदर्शकांनी सगळ्या क्रियाविशेषणांवर काट मारली. ज्या क्रियापदाला टेकू लागतो ते क्रियापदच बदला, म्हणाले. आता उरलं : माणसं उतरली, सुमन जिना चढली, तिने विचारलं, ती रडली. गर्दीही गेली आणि सुमनही. ‘भसाभस’ आणि ‘चिंताग्रस्तपणे’ हे खरंच एकाच मापाने मोजायचे शब्द आहेत का?

शब्दवेडी, गिरगाव :
ताई, व्याकरणाच्या पुस्तकात दोन्ही रीतिवाचकच, म्हणजे क्रिया कशी घडली ते सांगणारी क्रियाविशेषणं. लिहिताना मात्र त्यांचं काम अगदी वेगळं.

हा सल्ला आला कुठून ते आधी बघू. अमेरिकी कादंबरीकार स्टीफन किंग यांनी २००० साली लेखनकलेवरच्या पुस्तकात क्रियाविशेषणांवर कडक टीका केली. २००१ साली दुसरे अमेरिकी कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपले नियम मांडले. ‘म्हणाला’ या क्रियापदाला क्रियाविशेषण जोडू नका, हा त्यातलाच एक. दोघेही इंग्रजीबद्दल बोलत होते आणि तिथे ते पटतं. इंग्रजीत हुंदके देत रडायला एक क्रियापद, कुरकुरत रडायला दुसरं, आक्रोशाला तिसरं. क्रियाविशेषण काढलं तर हाताशी दुसरं क्रियापद असतं.

मराठीत आपण बहुतेक वेळा ‘रडणे’ हे एकच क्रियापद धरतो आणि रडण्याची तऱ्हा त्याच्या अलीकडच्या शब्दात सांगतो. मुळुमुळु, ढसाढसा, हमसून हमसून, स्फुंदून, धाय मोकलून. प्रत्येक रडणं वेगळं ऐकू येतं. पावसाचंही तेच. मुंबईचा पाऊस रिपरिप पडतो, भुरभुर पडतो, धो धो पडतो. ‘पडतो’ एवढंच ठेवलं तर जूनची पहिली सर आणि जुलैची झोड यांत वाचकाला फरक कळणार कसा?

शिवाय या शब्दांना स्वतःची रचना आहे, ती मला फार आवडते. ‘टपकन’ म्हणजे एकदाच, एका क्षणात. ‘टपटप’ म्हणजे सलग, एका लयीत. ‘टपाटप’ म्हणजे तीच लय, पण जोरात आणि घाईत. मधे एक ‘आ’ आला की वेग वाढतो : भरभर-भराभर, चटचट-चटाचट, सरसर-सरासर. एवढी बारीक सोय भाषेने दिलेली असताना ‘क्रियाविशेषण आहे’ एवढ्या कारणावरून ती खोडणं मला मान्य नाही.

‘चिंताग्रस्तपणे’ मात्र जाऊ द्या. -पणे, -पूर्वक, -रीत्या लागलेले बरेचसे शब्द कानाला काही ऐकवत नाहीत, डोळ्याला काही दाखवत नाहीत. ते वाचकाला फक्त निकाल कळवतात. ‘आईला कुठे ठेवलंय?’ या प्रश्नातच चिंता आहे. तिथे तुमच्या मार्गदर्शकांचं शंभर टक्के बरोबर.

माहीमकर :
वरच्या म्हणण्याशी सहमत, पण एक धोका सांगतो. ढसाढसा म्हटलं की रडणंच येणार, खदाखदा म्हटलं की हसणंच. जोडी इतकी घट्ट झाली की कान ते ऐकायचंच सोडून देतो. ‘भसाभस उतरली’ अजून जिवंत आहे, कारण भसाभस पाणी येतं, धूर येतो. तो शब्द माणसांना लावला की दारातून सांडणारी गर्दी दिसते. ‘ढसाढसा रडली’त मला काहीच दिसलं नाही.

दुसरं, या शब्दांत बोलणाऱ्याचं मतही असतं. ‘फिदीफिदी हसला’ असं कोण म्हणेल? ज्याला ते हसणं खटकलंय तोच. ‘मुळुमुळु रडत बसली’ यात बहुधा थोडी तुच्छता असते. निवेदक सुमनच्या बाजूचा असेल तर तिचं रडणं तो मुळुमुळु म्हणणार नाही. तिची वैतागलेली नणंद म्हणेल. म्हणून शब्द ठेवायचा की काढायचा हे ठरवताना, तो कोणाच्या कानाने ऐकलाय ते आधी बघा. कार्यशाळेतला सरसकट नियम इथेच नडतो. नवा लेखक हा प्रश्न स्वतःला विचारायला शिकण्याआधीच शब्द खोडून मोकळा होतो.

परळची वाचक :
आणि ‘म्हणाली’, ‘विचारलं’ यांचं काय? सगळीकडे तेच ठेवा, असंही सांगितलं होतं.

शब्दवेडी, गिरगाव :
तेही लेनर्डच्याच यादीतलं. इथे मराठीकडे क्रियापदं भरपूर आहेत : खेकसला, पुटपुटली, करवादली, डाफरला. म्हणून ‘रागाने खेकसला’ लिहू नये, खेकसण्यात राग आलाच. पण ओळीओळीला नवं क्रियापद आलं की संवाद मागे पडतो आणि क्रियापदंच डोळ्यांत भरतात. साधं ‘म्हणाली’ वाचकाला अडवत नाही. पानात एखादीच ‘करवादली’ ठेवा, ती लागते.

माहीमकर :
जिन्याचं राहिलं. ‘घाईघाईने’ काढाच, पण त्याजागी ‘भराभर’ही नको. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर कोणाला भराभर चढता येतं? घाई मनात असते, पाय गर्दीच्या चालीने चालतात. एका पायरीवर उभं राहायचं, पुढच्याची टाच उचलली की आपला पाय ठेवायचा. सुमनची घाई इथेच आहे, कारण तिला ती करताच येत नाही. इथे क्रियाविशेषण बदलून भागणार नाही, वाक्यच नवं लिहावं लागेल.

परळची वाचक :
लिहिलं. ‘दादरला गाडी थांबली आणि माणसं भसाभस उतरली. पुलाच्या जिन्यावर सुमनच्या पुढे एक बाई भाजीची पिशवी दोन्ही हातांनी धरून चढत होती. तिचा पाय उचलला की सुमनचा पडायचा. “आईला कुठे ठेवलंय?” तिने फोनवर विचारलं. पलीकडून उत्तर येईपर्यंत तीन पायऱ्या झाल्या.’ रडणं अजून ठरत नाहीये. पुलावर ती रडेल असं वाटत नाही.

शब्दवेडी, गिरगाव :
मग पुलावर रडवू नका. ‘चढत होती’ आणि ‘पडायचा’ ही रूपं छान बसलीत, वेळ ताणली जाते. ‘भसाभस’ला हात लावू नका.