व्हीएआर (व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाला मदत करणारा पंच): गोल झाला की आधी पंचाच्या कानाकडे बघायचं (अनुभव धागा)

राखीव गोली
काल कुणीतरी परत ती सिटी–टॉटनहॅमची क्लिप पाठवली. १७ एप्रिल २०१९, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. भरपाई वेळेत सिटीच्या स्टर्लिंगचा गोल, लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलेलं, प्रशिक्षक ग्वार्डिओला धावत सुटलेला. आणि पंचाचा हात कानाला. चेंडू बर्नार्दो सिल्व्हाला लागून पुढे गेला तेव्हा अग्वेरो ऑफसाइड होता, म्हणजे चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांपेक्षा गोलरेषेच्या जवळ. गोल रद्द. सामना ४–३ जिंकूनही अवे गोलवर (दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत, परक्या मैदानावरचे गोल टॉटनहॅमचे जास्त) सिटी बाहेर.
निर्णय बरोबर होता, तेच तर खुपतं. चुकीचा असता तर पंचाच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती.
तर व्हीएआरबद्दल लिहा. 'आमच्या क्लबवर अन्याय झाला' हे सगळ्यांचं गृहीत धरलंय, ते नको 😄 घोडं नेमकं कुठे पेंड खातं, ते लिहा.

मधली फळी
फ्रेममध्ये! बाकी सगळं नंतर.
साधं गणित. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये ०.०२ सेकंद. फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटर वेगाने सुटलाय असं धरा. दोन फ्रेममध्ये तो १६ सेंमी पुढे. बचावपटू त्याच वेळी उलट दिशेने ४ मीटरने वर येत असेल तर आणखी ८. म्हणजे पायाचा चेंडूला स्पर्श या फ्रेमला झाला की पुढच्या, एवढ्यावर २४ सेंमीचा फरक. आणि आपण भांडतोय बोटभर अंतरावरून.
त्यात बूट चेंडूला चिकटून असतो साधारण एक शतांश सेकंद. नियम म्हणतो पहिला स्पर्श धरा. तो क्षण दोन फ्रेमच्या मधे पडला तर ऑपरेटरने करायचं काय? जवळची फ्रेम उचलायची.
रेषा कशी ओढतात तेही सांगतो. आधी मैदानावरच्या पांढऱ्या रेषांवरून कॅमेऱ्याचा कोन सॉफ्टवेअरला कळवलेला असतो. मैदान काही सपाट नसतं, पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंचवटा ठेवतात, तोही हिशोबात धरावा लागतो. मग ऑपरेटर बचावपटूचा सगळ्यात मागचा अवयव टिपतो. पाऊल असेल तर सोपं, ते जमिनीवरच. गुडघा किंवा खांदा असेल तर गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा: तिथून सरळ खाली जमिनीवर बिंदू, आणि त्या बिंदूतून गोलरेषेला समांतर रेघ. मग तेच फॉरवर्डसाठी. टीव्हीवर दिसणारी तुटक उभी रेघ म्हणजे हाच ओळंबा. टिचकी कुठे मारायची हे माणूसच ठरवतो. गवत कापल्याचे पट्टे बघून घरबसल्या ऑफसाइड ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ते पट्टे गोलरेषेला समांतर असतीलच असं नाही.

कॉर्नरचा झेंडा
+१. लिव्हरपूलच्या फर्मिनोची काख आठवते का, नोव्हेंबर २०१९, व्हिलाविरुद्ध? काखेत ऑफसाइड, गावाला वळसा.

मधली फळी
😂 हात मोजत नाहीत ना. हाताची हद्द काखेच्या खालच्या टोकापर्यंत. त्याच्या वरचा खांदा मोजायचा. आता धावणाऱ्या माणसाच्या फडफडत्या शर्टावर ती हद्द शोधा.

डावा पाय
मीटिंगमधून लिहितोय, थोडक्यात. म्हणून तर प्रीमियर लीगने २०२१–२२ पासून रेघा जाड केल्या आणि एकमेकींना टेकल्या तर फायदा फॉरवर्डला दिला. तेवढी चूक होऊ शकते याची कबुलीच ती. 'ऑफसाइड म्हणजे ऑफसाइड, मिलिमीटर असो की मीटर' म्हणणाऱ्यांनी आधी फूटपट्टी बघावी.

शिट्टीवाली
पण आता सेमी-ऑटोमॅटिक ऑफसाइड आलंय की, बरंचसं मोजमाप यंत्रच करतं. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. चेंडूत सेन्सर, तो सेकंदाला ५०० वेळा. सलामीच्याच सामन्यात इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा तिसऱ्या मिनिटाचा गोल त्याने उडवला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून सुरू झालं. रेघा ओढत बसण्याचा वेळ वाचतो, हा खरा फायदा.

मधली फळी
शिट्टीवाली ताई, चेंडूत सेन्सर असेल तिथे लाथेचा क्षण आता नेमका मिळतो, मान्य. पण शरीराचे बिंदू त्या वर्ल्डकपमध्येही सेकंदाला ५० वेळाच. चूक लहान झाली, गेली नाही. आणि ते गुळगुळीत थ्रीडी चित्र दाखवतात ना, त्याने उगाच वाटतं की देवानेच मोजलंय.

जाळीमागचा
मला कुणी सांगेल का, रेफरी कानाला हात लावतो आणि हवेत चौकोन काढतो, यात फरक काय? मुलगी विचारतेय, मी थापा मारून वेळ निभावतोय.

शिट्टीवाली
कान = तपासणी चालू आहे, थांबा. चौकोन = औपचारिक रिव्ह्यू, तो स्वतः स्क्रीनकडे जातोय किंवा निर्णय बदलतोय. ऑफसाइडसारखी वस्तुस्थिती असेल तर बहुतेक वेळा स्क्रीनकडे जात नाहीत. ढकललं का, हात मुद्दाम का, असं मत बनवायचं असेल तर जातात. खेळाडूने सारखा चौकोन काढून मागणी केली तर पिवळं कार्ड, हेही मुलीला सांगा.

सहावा अधिकारी
माझ्या मते कॅमेरा-फ्रेमपेक्षा मोठी गडबड बोलण्यात आहे. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम–लिव्हरपूल. लुईस डियाझचा गोल, साइडच्या पंचाने झेंडा वर केला. व्हीएआरने रेषा तपासली, ऑनसाइड निघाला. इथपर्यंत यंत्रणा शंभर टक्के बरोबर! पण खोलीतल्या माणसाच्या डोक्यात मैदानावरचा निर्णय 'गोल' असा होता. तो म्हणाला तपासणी पूर्ण, निर्णय कायम. मैदानावर कायम राहिलं ते ऑफसाइड. फ्री किक घेतली गेली. रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं, त्याने विचारलंही, पण खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही (चुकीच्या खेळाडूला कार्ड, मारहाण असे मोजके अपवाद सोडून). ती ध्वनिफीत नंतर जाहीर केली, ऐकताना घाम फुटतो. काही सेकंदांत सगळं कळतं आणि हात बांधलेले. लिव्हरपूल २–१ हरलं.
विमानतळाच्या टॉवरवर जसं सूचना परत उच्चारून दाखवतात तसं 'मैदानावरचा निर्णय: ऑफसाइड' एवढं आधी म्हणायला लावलं असतं तर हे घडलंच नसतं. बोलण्याची पद्धत नंतर बदलली म्हणा.
त्याच सामन्यात कर्टिस जोन्सचं लाल कार्ड. पंच स्क्रीनपाशी गेला तर समोर आधी स्थिर चित्र, बूट नडगीवर. स्थिर चित्रात कुठलाही टॅकल खुनी दिसतो. स्लो मोशन कशासाठी? स्पर्श कुठे झाला, चेंडू बाहेर गेला का, यासाठी. किती जोरात लागलं आणि हँडबॉल धरायचा का, हे नेहमीच्या वेगातच बघायचं. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं आहे.

कॉर्नरचा झेंडा
हे मोठ्या अक्षरात त्या स्क्रीनवर चिकटवा कुणीतरी.

लेगस्पिनर
फुटबॉल कमी बघतो, पण क्रिकेटमध्ये कर्णधार रिव्ह्यू मागतो, संपले की संपले. इथे तसं का नाही? आणि अंपायर्स कॉलसारखी जागा का नाही?

डावा पाय
आहे दादा, 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट'. कॅमेरे कमी असतात तिथे, वेगळी व्हीएआर खोली नाही. प्रशिक्षकाला सामन्यात दोन रिव्ह्यू, बरोबर निघाला तर शाबूत. तो बोट गरगर फिरवतो, चौथ्या पंचाला कार्ड देतो, आणि पंच स्वतः स्क्रीन बघतो. २०२४ मध्ये कोलंबियात झालेल्या २० वर्षांखालील मुलींच्या वर्ल्डकपमध्ये वापरलं. अंपायर्स कॉल म्हणाल तर 'स्पष्ट आणि उघड चूक' हीच ती जागा. फक्त क्रिकेटमध्ये ती अर्ध्या चेंडूएवढी मोजलेली आहे, इथे प्रत्येकाची वेगळी.

लेगस्पिनर
म्हणजे बीसीसीआयला... जाऊ दे, अवांतर होईल.

राखीव गोली
होऊ द्या हो, धागा कोरडा चाललाय 😄

जाळीमागचा
क्रिकेटवरून आठवलं. युरो २०२४, जर्मनी–डेन्मार्क. चेंडूतल्या सेन्सरचा आलेख दाखवला तेव्हा स्निकोच (बॅटला चेंडू लागला का ते दाखवणारा आवाजाचा आलेख) वाटलं. डेन्मार्कच्या अँडरसनच्या बोटांना चेंडू लागला तिथे बारीक उसळी, पेनल्टी, हाव्हर्ट्झचा गोल. आणि काही मिनिटं आधी त्याच अँडरसनचा गोल डेलनीच्या पायाचं टोक ऑफसाइड म्हणून रद्द. बिचारा. माझा मुद्दा: सेन्सर सांगतो लागला. हात नैसर्गिक जागी होता का, हे सेन्सर सांगत नाही. आलेख दाखवून लोकांना गप्प केलं, प्रश्न तिथेच.

शिट्टीवाली
अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या हुलियन अल्वारेझचंही तेच. मार्च २०२५, रेआल माद्रिदविरुद्ध पेनल्टी शूटआउट. पाय घसरला, उभ्या पायाचा निसटता स्पर्श, गोल बाद. नियमाच्या अक्षराप्रमाणे बरोबर, पण तो नियम लिहिला तेव्हा असला स्पर्श कुणाला दिसणार होता? जूनमध्ये आयफॅबने (फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था) स्पष्ट केलं: चुकून दोनदा लागला आणि गोल झाला तर किक पुन्हा. आधी दुर्बीण आणली, मग कायदा तिच्या मापाने शिवायला घेतला.

कॉर्नरचा झेंडा
साइडच्या पंचाने झेंडा उशिरा वर करायचा, यावर कुणी बोललंच नाही. गोलची संधी दिसत असेल तर थांबायचं, कारण झेंडा वर गेला, शिट्टी वाजली आणि नंतर ऑनसाइड निघाला तर गोल परत देता येत नाही. कागदावर ठीक. पण मे २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा अवोनियी अशाच चालू ठेवलेल्या खेळात खांबावर आदळला, पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. आधीच्या पासला ऑफसाइड होता, झेंडा नंतर आला. दोन-तीन मीटरचं उघड ऑफसाइड असेल तर कशाला थांबायचं?

सहावा अधिकारी
अगदी. आणि दोन मीटर की दोन इंच हे सेमी-ऑटोमॅटिक यंत्रणेला जवळजवळ तत्क्षणी कळतं. ते साइडच्या पंचाच्या कानात गेलं पाहिजे.

डावा पाय
स्टेडियममधल्या लोकांचं काय? पैसे त्यांनी भरायचे आणि पडद्यावर 'तपासणी सुरू आहे' एवढंच. घरी बसलेल्याला सात कोनांतून दिसतं. २०२३ च्या महिला वर्ल्डकपमध्ये पंचांनी माइकवर निर्णय सांगितला तेव्हा कुठे जरा माणसात आणलं प्रेक्षकांना.
नॉर्वेत २०२४ मध्ये लोकांनी मैदानावर फिश केक फेकले, सामना सोडून द्यावा लागला. स्वीडनच्या क्लबांनी व्हीएआर आणूच दिलं नाही. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्जने बंद करायचा ठराव मांडला, १९ विरुद्ध १. तो १ म्हणजे वुल्व्ह्जच.

जाळीमागचा
फिश केक 😂 टेनिस बॉल तरी परत वापरता आले असते.

डावा पाय
तेही फेकले होते.

लेगस्पिनर
आणखी असले किस्से टाका, नियम नकोत.

शिट्टीवाली
घ्या. एप्रिल २०१८, बुंडेसलिगा, माइंझ–फ्रायबुर्ग. पूर्वार्ध संपला, फ्रायबुर्गचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये गेलेसुद्धा. मग व्हीएआरने हँडबॉल कळवला. पंचाने त्यांना परत बोलावलं, पेनल्टी, गोल, आणि पुन्हा मध्यंतर.

कॉर्नरचा झेंडा
म्हणजे मध्यंतराला बुटाच्या नाड्या सोडण्याआधी खिडकीतून एकदा पंचाचा कान बघून यायचं.