‘दोन टक्के वर पडतील’ : कर, शुल्क की भरणावळ?

काठपदर
येवल्याच्या दोन विणकर घरांकडून पैठण्या घेऊन मी ऑनलाइन विकते. वेबसाइटवर कोणी कार्डाने पैसे भरले की गेटवेवाले, म्हणजे ते पैसे माझ्यापर्यंत पोचवणारी कंपनी, त्यातले २ टक्के कापून बाकीचे माझ्या खात्यात टाकतात. दिवाळीपासून ते २ टक्के मी बिलात वेगळे दाखवायला लागले. ओळ लिहिली होती ‘ऑनलाइन पेमेंट कर २%’. परवा नागपूरहून एका काकूंचा फोन. “जीएसटी दिला ना बाई मी, मग हा दुसरा कर कुठल्या सरकारचा?” मला उत्तर देता येईना. कर नको तर काय लिहू? उपकर, अधिभार, सुविधा शुल्क, की सरळ ‘चार्जेस’?

खतावणी
ताई, ‘कर’ आज रात्रीच काढा. हा भाषेचा प्रश्न नंतर, आधी कायद्याचा. जीएसटी कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे कर म्हणून गिऱ्हाइकाकडून जे घेतलं ते सरकारात भरावंच लागतं. तुम्ही घेताय गेटवेच्या खर्चापोटी आणि नाव देताय कराचं. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने विचारलं, की हा कर कुठे भरलात, तर काकूंना दिलंत तेच उत्तर द्याल.

दुसरं, हे २ टक्के बिलात घेतले की तेही विक्रीच्या किमतीतच धरले जातात. कलम १५ मध्ये आनुषंगिक खर्च मूल्यात मिळवलेले आहेत. म्हणजे १०,००० ची साडी, २०० वरचे, असे १०,२०० झाले की ५ टक्के त्या १०,२०० वर. ५०० नाही, ५१०. एकूण बिल १०,७१०. आणि गंमत पुढे आहे. गेटवे आपले २ टक्के या १०,७१० वर घेतो, म्हणजे सरकारच्या ५१० वरही. ते झाले २१४ रुपये २० पैसे. तुम्ही घेतले २००. वर गेटवे स्वतःच्या फीवर १८ टक्के जीएसटी लावतो, ३८ रुपये ५६ पैसे, पण जीएसटी नोंदणी असेल तर ते इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतात. क्रेडिट घेता का? नसाल घेत तर शब्द शोधण्याआधी तुमच्या सीएला फोन करा.

कोशकिडा
उपकर तर मुळीच नको. उपकर आणि अधिभार दोन्ही सरकारी मराठीत आधीच कामाला लागलेले शब्द आहेत. विशिष्ट कामासाठी बसवलेला तो उपकर : शिक्षण उपकर, स्वच्छ भारत उपकर. मुंबईकरांना तर हा शब्द इमारतींमुळे पाठ, ‘उपकरप्राप्त चाळ’ (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी चाळ) म्हटलं की पुढचं सगळं कळतं. कराच्या डोक्यावर आणखी बसवलेला तो अधिभार. दोन्ही बसवण्याचा हक्क सरकारचा. दुकानदाराने अधिभार घेणं म्हणजे शेजाऱ्याने घरपट्टी मागण्यासारखं.

जुन्या मराठीत या कामाला शब्दांचा तोटा नव्हता. पैसा एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यायला जो खर्च यायचा त्यालाच किती नावं : हुंडी करताना हुंडणावळ, वटवताना वटणावळ किंवा वटाव, नाणं बदलताना बट्टा, वरून द्यायचा तो वर्ताळा. आज कार्ड घासल्यावर गेटवे जे कापतो ते या घराण्यातलंच. सराफाच्या पेढीवर बसलेल्या माणसाला तुमचं बिल दाखवलं असतं तर त्याने क्षणात नाव सांगितलं असतं.

आणि हशील आठवा. मूळ अरबी, अर्थ उत्पन्न, सारा, महसूल. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातीत ‘किंमत ८ आणे, ट. हं. २ आणे’ असं असायचं, ट. हं. म्हणजे टपाल हंशील. पुस्तक पोचवायचा खर्च गिऱ्हाइकावर, आणि तो वेगळा छापलेला. कुणाला तो कर वाटला नाही. (‘आता बोलून काय हशील?’ यातलं हशीलही हेच. उत्पन्न काय, असा तो प्रश्न.)

काठपदर
वर्ताळा छान आहे, पण बिलावर लिहिला तर नागपूरच्या काकू दुसरा फोन करतील.

डाळिंबवाला
आमच्याकडे सांगोल्यात बिलाला बिल म्हणत नाहीत, पट्टी म्हणतात. माल मार्केट यार्डात गेला की संध्याकाळी पट्टी यायची. वर किलो आणि भाव, खाली हमाली, तोलाई, अडत, मोटारभाडं, आणि शेवटी हातात येणारा आकडा. अडत म्हणजे माल विकून देणाऱ्याचं कमिशन. विकून तो द्यायचा, घ्यायचा दुसराच, आणि कापली जायची आमच्यातून. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदारावर टाकली, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. शब्द तोच राहिला, अडत. फक्त पट्टीतली ओळ इकडून तिकडे गेली तर एवढा दंगा. म्हणून म्हणतो, नाव काय लिहिता यापेक्षा कुणाच्या नावावर लिहिता ते बघा.

फळाखडू
डाळिंबवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. मी मराठी शिकवते, माझं लक्ष नामाकडे नाही, क्रियापदाकडे जातं. दुकानात काय ऐकतो आपण? “कार्ड दिलंत तर दोन टक्के वर पडतील.” “पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी लागेल.” “ऑनलाइनला पैसे कटतात.” पडतील, लागेल, कटतात. पावसासारखे पडतात, ठेच लागावी तसे लागतात. पाडणारा कुणीच नाही! दुकानदार काउंटरमागे उभा राहून जणू आपल्याबरोबरच त्या पावसात भिजतो आहे.

जीएसटी ‘लागतो’ हे बरोबर आहे, तो दुकानदाराच्या मर्जीवर नाही. पण हे २ टक्के तुम्ही घ्यायचं ठरवलंय, म्हणजे ते ‘घेतो’ आहात. काठपदर, ओळीत नाव काहीही असू द्या, वाक्य ‘आम्ही घेतो’ असं लिहा. मग काकू भांडल्या तरी तुमच्याशी भांडतील, सरकारशी नाही.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे पाटीवरची किंमत कराशिवाय असते. दहा डॉलरची वस्तू काउंटरवर साडेदहाच्या वर जाते, कारण ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स तिथे चढतो. कपड्यांवर मात्र नाही, त्यामुळे पुण्याहून आलेली आई प्रत्येक दुकानात विचारते, “हे टॅक्सवालं की बिनटॅक्सचं?” आपल्याकडे पाकिटावर ‘सर्व करांसहित’ वाचायची सवय, म्हणून हा तिला खोटेपणाच वाटतो.

पण क्रियापदाच्या मुद्द्यावरून नदीपलीकडची गोष्ट आठवली. न्यूयॉर्क राज्यात १९८४ पासून असा कायदा होता, की क्रेडिट कार्डवाल्याकडून जास्त पैसे घ्यायचे नाहीत. रोख देणाऱ्याला सूट दिलीत तर चालेल. आता हिशोब करा : रोख १०, कार्डाने १० डॉलर ३० सेंट. याला ‘कार्डाला ३० सेंट जास्त’ म्हटलं की गुन्हा आणि ‘रोखीला ३० सेंट सूट’ म्हटलं की धंदा. पैसे तेच! काही दुकानदार, त्यात एक केशकर्तनालय, कोर्टात गेले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हा कायदा किंमत ठरवत नाही, दुकानदाराने ती कशी सांगायची ते ठरवतो, म्हणजे हा बोलण्याचा प्रश्न आहे. तेवढं सांगून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे नवा नियम : कार्डाची पूर्ण किंमत आधीच पाटीवर दिसली पाहिजे, आणि कार्ड कंपनी घेते त्याहून जास्त घ्यायचं नाही.

कोशकिडा
वा! म्हणजे सूट आणि बट्टा यांच्या भांडणाला सर्वोच्च न्यायालयात खुर्ची मिळाली.

खतावणी
तिकडचं तिकडे. इथलं सांगतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलंय, की डेबिट कार्डाचा एमडीआर (कार्डाच्या व्यवहारामागे दुकानदाराकडून कापली जाणारी फी) दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकू नये, याची काळजी घ्या. तेव्हा डेबिट कार्डावर तुमचे २ टक्के कुठल्याच शब्दात बसत नाहीत, ना वर्ताळा ना वटाव. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्यच आहे, रूपे डेबिट कार्डावरही. राहिलं क्रेडिट कार्ड. त्यासाठी गेटवेच्या करारात काय लिहिलंय ते वाचा, कुणी वाचत नाही म्हणून सांगतो. सरसकट ‘ऑनलाइन पेमेंट’ असं लिहून सगळ्यांकडून २ टक्के घेणं हीच पहिली चूक, ‘कर’ लिहिणं ही दुसरी.

काठपदर
मी यूपीआयवाल्यांकडूनही घेत होते. लाज वाटली वाचून. बारा जणींचे पैसे परत करतेय.
पण ‘सुविधा शुल्क’ का नको? रेल्वेचं तिकीट काढताना तेच तर असतं.

फळाखडू
असतं खरं. आयआरसीटीसीने नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदीनंतर ते बंद केलं होतं, सप्टेंबर २०१९ मध्ये परत आणलं. शुल्क शब्दात वाईट काही नाही : परीक्षा शुल्क, प्रवेश शुल्क, काम केलं आणि मोल घेतलं. माझं भांडण ‘सुविधा’शी आहे. सुविधा कुणाची? मी घरी बसून पैसे भरते ती माझी, की खिडकीवर माणूस बसवावा लागत नाही ती त्यांची? गोड शब्दात घेतलेले पैसे मला जास्त टोचतात. ‘चार्जेस’ त्या मानाने प्रामाणिक, पण काठपदर, तुम्ही पैठणी विकता. बिलावर काठ शोभेलसा हवा ना!

कोशकिडा
मग भरणावळ घ्या. कामाचं मोल सांगायला मराठीत -णावळ तयार आहे : शिवणावळ, दळणावळ, धुणावळ, सोनाराची घडणावळ. दागिन्याच्या बिलात सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी, त्यावर जीएसटी, हे सगळ्या बायकांना ठाऊक. पैसे ‘भरतो’ आपण, ‘वीजबिल भरणा केंद्र’ गावोगाव आहे. पैसे भरून घेण्याचं मोल ती भरणावळ. जुन्या कोशात माल भरण्याच्या मजुरीलाही हा शब्द सापडतो, पण आता बैलगाडी भरणारं कोण उरलंय अडवायला?

डाळिंबवाला
आम्ही टेम्पो भरतो अजून. भरणावळ देतो, क्रेटमागे. पण द्या तुम्हाला, आमचं काय जातंय.

एडिसनकर
मला वटणावळ जास्त नेमका वाटतो. गेटवे पैसे भरत नाही, वटवतो.

खतावणी
नेमका असेल, पण ‘चेक वटला नाही’ यापलीकडे वट कुणाला माहीत आहे? बिल वाचणाऱ्याला कळायला हवं, कोश उघडायला लावू नका.

काठपदर
ठरलं. आजपासून वेबसाइटवर असं आहे : ‘यूपीआय किंवा डेबिट कार्डाने पैसे भरल्यास जास्तीचे काही नाही. क्रेडिट कार्डाने भरल्यास आम्ही २ टक्के भरणावळ घेतो. हा कर नव्हे.’ करार वाचला, खतावणीकाका. चार पानं होती, बारीक अक्षरात, पण क्रेडिट कार्डाला मनाई नाही दिसली. सीएंनाही दाखवला.

संध्याकाळी काकूंना स्वतःहून फोन केला, २०० परत करायला. ओळ वाचून दाखवली. म्हणाल्या, “भरणावळ होय! मग आधीच सांगायचं ना. शिलाईवाला घेतो तसं.” थोडं थांबून म्हणाल्या, “पण दोनशे परत कर हं, मी यूपीआयने दिले होते.”