फोर हॉर्समेन : या चांडाळ चौकडीचा सर्वात भारी संच कुठला?

धागाकर्ता

फोर हॉर्समेन म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीतली खलनायकांची चौकडी. त्यात रिक फ्लेअर आणि आर्न अँडरसन या दोन नावांवर वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या दोन जागांचा. १९८५ च्या अखेरीला जुळलेली ही चौकडी १९९९ पर्यंत मोडत-जोडत चालली, आणि दर वेळी त्या दोन जागांवर वेगळे गडी आले.

ज्यांनी लहानपणी फक्त डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मंडळी जिम क्रॉकेट प्रमोशन्सची, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या कंपनीची, एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेच्या छत्राखाली. मूळ संच असा: फ्लेअर, आर्न, ओल अँडरसन, टली ब्लँचर्ड आणि मॅनेजर जे. जे. डिलन. सगळे हील, म्हणजे खलनायक पैलवान. आर्नने एका मुलाखतीत बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. चार बोटं वर करायची खूणही तेव्हापासूनची.

निकाल आधी ठरलेले असतात हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न आहे तो ठरलेलं पटवून देण्याचा. तेव्हा नुसतं '८६' किंवा '८८' असा आकडा टाकून जाऊ नका. कुठली लढत, कोणाचं काय काम, कुठे गणित चुकलं ते लिहा.

डावा हात

माझं मत मूळ संचाला, आणि त्याचं कारण ओल. त्याला म्हातारा, जाडा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी अँडरसन पद्धत नीट पाहावी.

ही पद्धत ओल आणि जीन अँडरसन या आधीच्या जोडीची. एकच अवयव निवडायचा, बहुतेक वेळा हात. पहिला गडी हात पिरगळून आपल्या कोपऱ्याकडे ओढत नेतो आणि टॅग देतो, म्हणजे जोडीदाराला हात लावून आत बोलावतो. हात त्याने सोडलेला नसतो. दुसरा दोरीवर चढतो आणि त्या ताणून धरलेल्या हातावर गुडघा घालून उतरतो. मग दुसरा हात धरतो आणि पहिला विश्रांती घेतो. दहा मिनिटं हेच. प्रेक्षकाला कळतं की या माणसाचा हात आता कामातून गेला, आणि पुढे तो फटका मारताना कळवळला की खरं वाटतं. आर्न हे सगळं ओलकडून शिकला. आर्न खरा अँडरसन नव्हे. चेहरेपट्टी जुळते म्हणून आडनाव दिलं, पण कामात तो त्या घराण्याचाच झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रौर्य. २९ सप्टेंबर १९८५, अटलांटाचं ओम्नी. पिंजऱ्यात फ्लेअर विरुद्ध निकिता कोलॉफ. लढत संपल्यावर रशियन गट फ्लेअरवर तुटून पडला तेव्हा कंपनीचा नायक डस्टी ऱ्होड्स त्याला सोडवायला आत आला. मग ओल आणि आर्न आले, पिंजऱ्याचं दार बंद केलं, आणि ज्याला सोडवलं त्या फ्लेअरसकट तिघांनी डस्टीचा घोटा मोडला. बाकीचे पैलवान बाहेरून जाळी हलवत राहिले. चौकडीला अजून नावही नव्हतं, पण तिचा सगळा स्वभाव त्या रात्री दिसला. चौघांत ओल असला की प्रेक्षकाला भीती वाटायची. नंतरच्या संचांत ती राहिली नाही.

रेफ्री पाठमोरा

ओलबद्दल सहमत, पण माझा संच १९८८ चा: फ्लेअर, आर्न, टली, बॅरी विंडहॅम. पुरावा म्हणून एकच संध्याकाळ देतो. १० जुलै १९८८, बाल्टिमोर, ग्रेट अमेरिकन बॅश. चौघांकडे मिळून तीन टायटलं होती. तिन्ही त्या रात्री पणाला लागली, तिन्ही वाचली, आणि तीन वेगळ्या वाटांनी.

आर्न-टली विरुद्ध स्टिंग आणि निकिता, टॅग म्हणजे जोडीचं टायटल: वीस मिनिटांची वेळमर्यादा. आर्न-टलीने शेवटच्या मिनिटांत फक्त जीव वाचवला, घंटा वाजली, बरोबरी. चॅम्पियन बरोबरीत टायटल गमावत नाही.

विंडहॅम विरुद्ध डस्टी, यूएस टायटल: रॉन गार्व्हिनने डस्टीला दगा देऊन ठोसा हाणला आणि विंडहॅमने पाडलं.

फ्लेअर विरुद्ध लेक्स लुगर (आधी चौकडीत असलेला), वर्ल्ड टायटल: लुगरने टॉर्चर रॅकमध्ये फ्लेअरला खांद्यावर आडवा टाकला होता आणि घंटा वाजली. सगळ्यांना वाटलं लुगर जिंकला. प्रत्यक्षात कपाळावरच्या रक्तामुळे मेरीलँडच्या अॅथलेटिक कमिशनच्या नावाने लढत थांबवली होती.

या शेवटच्या लढतीत एक गोष्ट बिघडली. जखम इतकी लहान पडली की मागच्या रांगांना रक्त दिसलंच नाही. कारण डोळ्यांना दिसत नसेल तर निर्णय अन्याय वाटत नाही, फसवणूक वाटते. हीलवर येणारा राग तेव्हा कंपनीवर जातो. कपाळावर पुरेसं रक्त असतं तर याच शेवटाची आठवण लोकांनी वर्षानुवर्षं काढली असती.

विंडहॅमबद्दल: साडेसहा फुटांचा माणूस, पण सुप्लेक्स (समोरच्याला उचलून मागे आपटायचा डाव) मारताना वीस किलोने हलका असल्यासारखा. १९८७ मध्ये बेबीफेस, म्हणजे नायक पैलवान, म्हणून त्याने फ्लेअरशी ज्या लांब लढती केल्या त्या पाहा. तोच गडी पुढच्या वर्षी चौकडीत आला आणि वडिलांचा, ब्लॅकजॅक मलिगनचा, क्लॉ वापरू लागला. पंजाने कपाळ दाबून धरायचं, बस. इतका गुणी पैलवान इतका आळशी डाव निवडतो, यातच त्याचं खलनायकपण होतं.

कॅलेंडरवाला

लुगरच्या संचाबद्दल (१९८७: फ्लेअर, आर्न, टली, लुगर) एक सरळ हिशेब मांडतो, कारण 'सगळी टायटलं त्यांच्याकडे होती' असं सर्रास लिहिलं जातं.

११ जुलै : लुगर ग्रीन्सबरोत निकिताकडून यूएस टायटल घेतो.
२५ सप्टेंबर : फ्लेअर डेट्रॉइटमध्ये रॉन गार्व्हिनकडून वर्ल्ड टायटल हरतो.
२९ सप्टेंबर : आर्न-टली रॉक अँड रोल एक्स्प्रेस या जोडीकडून टॅग टायटल जिंकतात.
२६ नोव्हेंबर : शिकागोत स्टारकेड, कंपनीचा मोठा वार्षिक कार्यक्रम. फ्लेअर वर्ल्ड टायटल परत मिळवतो आणि त्याच रात्री लुगर यूएस टायटल डस्टीकडे हरतो.

म्हणजे तिन्ही टायटलं एकत्र कधी आलीच नाहीत. चार दिवसांनी हुकलं, आणि परत जुळायची वेळ आली त्या रात्री पुन्हा हुकलं. हे साधलं फक्त विंडहॅमच्या संचाला, १३ मे १९८८ ला त्याने ह्यूस्टनमध्ये यूएस टायटल जिंकल्यापासून सप्टेंबरपर्यंत.

लुगरची अडचण अनुभवाची होती. १९८५ मध्ये रिंगणात उतरलेला माणूस, शरीर पुतळ्यासारखं, पण मार खाणं त्याला येत नव्हतं. चौकडीतल्या हीलचं अर्धं काम समोरच्याचा फटका मोठा करून दाखवण्याचं असतं. फ्लेअर कोपऱ्यावर आदळून उलटा होऊन दोरीपलीकडे पडायचा, आर्न फटका खाऊन दोन पावलं भेलकांडून मग कोसळायचा. लुगर फक्त थांबायचा. एक मात्र त्याला द्यायला हवं: त्याला चौकडीतून काढल्यामुळेच विंडहॅमच्या दग्याला धार आली. २७ मार्च १९८८ ला लुगर आणि विंडहॅमने आर्न-टलीकडून टॅग टायटल घेतलं आणि चोवीस दिवसांनी, २० एप्रिलला, जॅक्सनव्हिलमध्ये परतीच्या लढतीत विंडहॅमने लुगरलाच आडवं करून चौकडी धरली.

पिंजऱ्याबाहेरून

संच ठरवताना डिलनला विसरू नका. त्याचं काम समजायचं तर वॉरगेम्सची रचना समजून घ्यावी लागते.

दोन रिंगणं एकमेकांना लागून, दोन्हींवर मिळून एक पिंजरा, वर छत. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकी एक गडी सुरुवात करतो, पाच मिनिटं. मग नाणेफेक. जिंकणाऱ्या बाजूचा दुसरा गडी आत जातो, म्हणजे दोन मिनिटं दोनास एक. मग समोरचा. असं दर दोन मिनिटांनी आलटून पालटून. दहावा माणूस एकोणिसाव्या मिनिटाला आत येतो, आणि तिथून पुढेच लढत संपू शकते. तीही चितपट करून नाही, फक्त हार कबूल करून.

नाणेफेक हीलच जिंकणार. उलटं झालं तर दर वेळी नायकाकडे माणूस जास्त आणि खलनायक बिचारा, सगळा डोलारा कोसळतो.

आता अडचण अशी: नायक जिंकायला हवेत, पण चौघांपैकी कोणी 'सोडा' म्हणाला की त्याची किंमत संपली. म्हणून पाचवा डिलन. ४ जुलै १९८७ च्या पहिल्या वॉरगेम्समध्ये (ओम्नी, समोर डस्टी, निकिता, दोघे रोड वॉरियर्स आणि त्यांचा मॅनेजर पॉल एलरिंग) डिलननेच हार मानली. चौघं शाबूत राहिले. पण किंमत डिलनने मोजली. रोड वॉरियर्सच्या डावात एक जण खांद्यावर बसवतो आणि दुसरा वरून उडी घेऊन हात घालतो. ज्याला पडायचं त्याने पाठीवर सपाट पडायचं असतं. डिलन खांद्यावर पडला आणि खांदा निखळला. ३१ जुलैला मायामीच्या ऑरेंज बोलमध्ये पुन्हा वॉरगेम्स झालं तेव्हा त्याच्या जागी वॉर मशीन नावाने मुखवटेधारी गडी उतरवावा लागला.

छताचा धोका वेगळाच. १९९१ चं फीनिक्सचं वॉरगेम्स: सिड विशसने ब्रायन पिलमनला पॉवरबॉम्बसाठी (उचलून पाठीवर आपटायच्या डावासाठी) उचललं, पुरेशी उंचीच नव्हती, छत आड आलं आणि पिलमन मानेवर आदळला. मोकळ्या रिंगणात बिनधोक असलेला डाव तिथे मारायचाच नाही, इतकं साधं आहे.

डावा हात

रेफ्री पाठमोरा, बाल्टिमोरचा मुद्दा जोरदार आहे. पण मुलाखतींचं काय? टीबीएस या वाहिनीवर शनिवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी कार्यक्रम लागायचा आणि तिकिटं त्या दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यावर विकली जायची. मूळ संचात पाचही जणांचा सूर वेगळा: फ्लेअर ओरडणार, आर्न आवाज खाली आणून धमकावणार, टली गर्विष्ठ, ओल गुरगुरणार, डिलन कुठल्या गावात कोण कोणाशी ते सांगून जाणार. विंडहॅम माइकपुढे उभा राहायचा, बोलायचं काम बाकीचे करायचे.

सहा वाजून पाच

टलीवर कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. दोन्ही दावेदार संचांत तो आहे, आणि माझ्या मते १९८९ नंतरचा कुठलाही संच मागे पडतो तो त्याच्या गैरहजेरीमुळे.

त्याचा स्लिंगशॉट सुप्लेक्स पाहा. समोरच्याला उभा उचलायचा, पुढे झुकवून त्याच्या पोटऱ्या वरच्या दोरीवर आपटायच्या, दोरीच्या उसळीनेच तो परत वर येतो आणि मग मागे पडायचं. टलीसारख्या मध्यम बांध्याच्या गड्याला जड माणूस फिरवता येतो तो त्या उसळीमुळे. दोरी सैल असेल तर हाच डाव अर्ध्यात अडकतो.

आणि २८ नोव्हेंबर १९८५, मॅग्नम टी. ए. विरुद्धची पिंजऱ्यातली 'आय क्विट' लढत. लाकडी खुर्ची आत येते. टली ती मोडतो, टोकदार ढलपी हातात घेतो आणि मॅग्नमच्या डोळ्यावर रोखतो. मॅग्नम मनगट अडवतो. दोघांचे हात थरथरत आहेत, ढलपी इंचाइंचाने सरकते आहे, डाव नाही, उडी नाही. मग ढलपी उलटते आणि टलीच्या कपाळात रुतते. त्याने ज्या आवाजात हार कबूल केली तो आवाज खलनायकी शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. यूएस टायटल गेलं, आणि टली मोठा झाला.

तिसरी घंटा

उरलेले संच पटकन.

स्टिंगचा (डिसेंबर १९८९ ते फेब्रुवारी १९९०): चौकडी बेबीफेस असू शकत नाही. त्याला हाकलण्यापुरताच तो संच.

१९९०, सिड आणि विंडहॅम, मॅनेजरच्या जागी ओल: दिसायला सर्वात दांडगा. सिडमुळे मारहाण भयानक दिसायची, पण वीस मिनिटांची लढत त्याला द्यायची सोय नव्हती, मग भार पुन्हा फ्लेअर-आर्नवर.

१९९३, पॉल रोमा: टली परत येणार म्हणून हवा केली आणि रोमा आला. आर्नबरोबर त्याने टॅग टायटल जिंकलं, त्यामुळे 'काहीच केलं नाही' हे खोटं. पण ज्या जागेची अपेक्षा टलीची होती तिथे उभा राहिलेला कोणीही फिका पडला असता.

१९९५, पिलमन आणि क्रिस बेन्वा: १९८८ नंतरचा सर्वात चांगला. पिलमन माइकपुढे काय करेल याचा नेम नसायचा. टिकला काही महिनेच, १९९६ च्या फेब्रुवारीत पिलमन गेला. बेन्वाने २००७ मध्ये बायको आणि मुलाचा जीव घेतला, त्यामुळे या लढती आज पाहवत नाहीत असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. त्याची बायको नॅन्सी स्वतः 'वुमन' या नावाने चौकडीबरोबर होती.

कॅलेंडरवाला

२०१२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने हॉल ऑफ फेममध्ये फ्लेअर, आर्न, टली, विंडहॅम आणि डिलन यांना घेतलं, ओलला नाही. विंडहॅमवाले तो निकाल म्हणून दाखवतात, म्हणून आधीच लिहून ठेवतो: तो कंपनीचा निर्णय आहे, लढतींचा नव्हे.

पिंजऱ्याबाहेरून

रिंगणातलं काम पाहिलं तर माझंही मत १९८८ ला. पण त्या संचात एक मूळचीच अडचण होती, आणि तिथे 'डावा हात' यांचा मुद्दा खरा ठरतो. चौघंही चॅम्पियन झाले तर हरणार कोण?

१९८६ मध्ये सोय होती. ओल हरू शकत होता, डिलन मार खाऊ शकत होता. फ्लेअर २६ जुलैला डस्टीकडे टायटल हरला आणि चौदा दिवसांनी सेंट लुईसमध्ये परत घेऊन आला, तरी चौकडीला ओरखडा नाही. लोकांना अधूनमधून खरा विजय मिळायचा. १९८८ च्या उन्हाळ्यात प्रत्येक मोठ्या लढतीचा शेवट डीक्यू (अपात्र ठरवणं), बरोबरी, रक्त किंवा दगा यांनीच करावा लागत होता. त्यात डस्टी स्वतःच बुकर, म्हणजे लढती रचणारा. नायकाला जिंकल्यासारखं दाखवायचं आणि नंतर तांत्रिक कारणाने निकाल फिरवायचा, या शेवटाला त्याचंच नाव पडलंय. १९८५ च्या स्टारकेडला तो चालला, कारण लोक आनंदात घरी गेले आणि निकाल फिरल्याचं नंतर कळलं. तीन वर्षांनी घंटा वाजली की लोक जल्लोष करायच्या आधी रेफ्रीकडे बघायला लागले होते.

अखेर १० सप्टेंबर १९८८ ला फिलाडेल्फियात आर्न-टली मिडनाइट एक्स्प्रेस या जोडीकडे हरले. दोघं तिथून थेट डब्ल्यूडब्ल्यूएफला निघून गेले. चौकडीत फ्लेअर आणि विंडहॅम उरले.