मदत हवी आहे: नववीतल्या लेकीला पुण्याचा काळा इतिहास दाखवायचाय

नमस्कार सातारकर! आमच्या बाईसाहेबांना बागा, मॉल नकोत. "जिथं खून झाले तिथं ने" म्हणते. आपला साताऱ्यातला गेंडामाळ बघून झाला, तिथले १८५७ चे १७ हुतात्मे तिला तोंडपाठ. आता एका दिवसात पुणं. शनिवारवाडा ठरलाय: १७७३ चा नारायणराव पेशव्यांचा खून, "काका मला वाचवा"ची आख्यायिका, १८२८ ची आग. (भूत दिसलं नाही तर खापर माझ्यावरच!) मला मात्र प्लेगचं पुणं जास्त भयाण वाटतं. घराघरांत घुसून झडत्या, आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या. तिथं आज बघण्यासारखं काही आहे का? संध्याकाळी गोष्टी सांगत पेठा फिरवणारं कुणी माहितीये? परतीची एसटी स्वारगेटवरून रात्री उशिरा मिळते ना?