टॅब सोडा, ३ दाबा

गूगलच्या एकेका रिझल्टवर जायला टॅब दाबून दाबून बोटं दुखतात, म्हणून एनव्हीडीए (न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम) बदलायचं असं एकाने लिहिलंय. बोटांचं पटलं, पण त्यासाठी एनव्हीडीए कशाला बदलायचं? गूगलच्या रिझल्टची शीर्षकं तिसऱ्या लेव्हलची हेडिंग असतात, म्हणून सरळ ३ दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर जायचं, मागे यायला शिफ्ट धरून ३. आकडा वरच्या रांगेतला हं, नमपॅडचा नाही. आणि आधी एस्केप मारून सर्चच्या चौकोनातून बाहेर या. मी सुरुवातीला ठाण्याहून वाशीची शेवटची लोकल शोधताना तिथेच अडकून 'वाशी लोकल ३३३३' टाइप करून बसलो होतो, मुलगी हसून हसून लोळत होती. मराठी शीर्षकांना आवाज गप्प बसत असेल तर एनव्हीडीएत ईस्पीक नावाचा आवाज लावून बघा, रोबोटसारखा बोलतो पण देवनागरी वाचतो.