शब्दचर्चा : ‘श्वसन’ म्हणजे नक्की काय? (आणि पेशी, स्नायू, लोकसंख्या)

भांडुपची बाई
दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. जीवशास्त्रात दरवर्षी एकाच शब्दापाशी घोडं अडतं : श्वसन. ‘वनस्पती श्वसन केव्हा करतात?’ असं विचारलं की बरीच मुलं ‘रात्री’ लिहितात. काहींच्या मते प्रकाशसंश्लेषण हेच झाडांचं श्वसन, फक्त उलट्या दिशेचं. मुलांना दोष देववत नाही. श्वसन म्हटलं की नाक, छाती, फुप्फुस डोळ्यांपुढे येतं आणि झाडाकडे यातलं काहीच नाही. त्यात पुस्तकात श्वसन, श्वासोच्छ्वास आणि बाष्पोच्छ्वास (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणं) हे तिघे सख्ख्या भावांसारखे भेटतात. अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेला आपण श्वसन का म्हणतो? दुसरा चांगला शब्द आहे का?

अनुस्वार
भाऊच आहेत ते. तिघांचाही धातू श्वस्. आत घेतो तो श्वास, बाहेर सोडतो तो उच्छ्वास (उत् + श्वास), दोन्ही मिळून श्वासोच्छ्वास. मुलं ‘श्वासोश्वास’ लिहितात, तिथे बाहेर सोडायचंच राहून जातं. याच धातूचे विश्वास आणि आश्वासन हेही शब्द आहेत. निवडणुकीच्या दिवसांत आश्वासनातला श्वास कुणाला आठवत नाही, तो भाग वेगळा.

घोटाळा एकट्या मराठीचा नाही. इंग्रजी रेस्पिरेशन आणि ट्रान्स्पिरेशन दोन्ही लॅटिनमधल्या ‘श्वास घेणे’ या क्रियापदावरून आले आहेत. आपण शब्द घडवले आणि घोटाळाही सोबत घेतला.

परळचा डॉक्टर
वॉर्डात आम्ही रेस्पिरेटरी रेट मोजतो, म्हणजे मिनिटाला श्वास किती. निरोगी प्रौढ माणसाचे साधारण 12 ते 20. हा झाला श्वासोच्छ्वास. श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा पडदा, खाली जातं, छातीची पोकळी वाढते, हवा आत येते. काम भात्याचं, रसायनशास्त्र त्यात काही नाही.

वायुकोशांत ऑक्सिजन रक्तात शिरतो, तिथून पेशींपर्यंत पोचतो. पेशीत गेल्यावर ग्लुकोजचं टप्प्याटप्प्यानं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं आणि सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग एटीपी या ऊर्जा वाहून नेणाऱ्या रेणूच्या रूपात साठवला जातो. यातलं बरंचसं काम पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया) चालतं. हे खरं श्वसन, पेशीश्वसन. शालेय पुस्तकांत बहिःश्वसन, अंतःश्वसन, पेशीश्वसन असे टप्पे दिलेले असतात, पण वर ‘श्वसन’ ही एकच पाटी असल्यानं मुलं पहिल्या टप्प्यावरच उतरतात.

फरक मनात ठसवायचा असेल तर सायनाइडचं उदाहरण द्या. सायनाइड तंतुकणिकेतलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. सुरुवातीला माणूस श्वास घेत असतो, रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. श्वासोच्छ्वास चालू, श्वसन ठप्प. उलट व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वासोच्छ्वास यंत्र करतं, श्वसन मात्र त्याच्या पेशीच करत असतात.

निवृत्त मास्तर, दादर
डॉक्टरसाहेबांनी विष काढलं, मी पाव काढतो. पिठात घातलेलं यीस्ट हवा नसतानाही ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि पाव फुगतो. पुस्तकात याला ‘विनॉक्सिश्वसन’ म्हटलंय. नाक नाही, फुप्फुस नाही, ऑक्सिजनही नाही, तरी श्वसन आहे. हे एक उदाहरण नीट समजलं की झाडाचं कोडं सुटतं. काटेकोर बोलायचं तर यीस्टची ही क्रिया किण्वन, म्हणजे आंबवणं. नायट्रेटसारखी संयुगं वापरून ऑक्सिजनविना श्वसन करणारे जीवाणू निराळे, आणि महाविद्यालयात या दोन गोष्टी वेगळ्या शिकवतात. दहावीला तितकं खोल जायची गरज नाही.

अनुस्वार
‘विनॉक्सि’वर माझा जुना राग आहे. विना + ऑक्सि. पाणिनीच्या घरात ‘ऑ’ला दरवाजा नाही, तरी संधी लावून दिलाय. पण रुळला आहे, आता हात लावू नये.

तिवर
विक्रोळी, ऐरोलीच्या खाडीकाठी फिरतो, म्हणून तिथला एक शब्द चर्चेला टाकतो : श्वसनमुळे. ओहोटीच्या वेळी तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी टोकं वर आलेली दिसतात, ती. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. म्हणून मुळांच्या काही फांद्या उलट्या, वरच्या दिशेनं वाढतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. ओहोटीला त्यांतून हवा आत जाते आणि मुळातल्या पोकळ ऊतींमधून खाली गाडलेल्या मुळांपर्यंत पोचते.

डॉक्टरांचा फरक इथे लावून बघा. श्वसन तर प्रत्येक मूळ करतं. गॅलरीतल्या कुंडीत तुळशीला रोज तांब्याभर पाणी ओतलं की ती मरते, कारण मातीतली हवा जाते आणि मुळांचं श्वसन अडतं. तिवराच्या या मुळांचं वेगळेपण हवा आत घेण्यात आहे. तेव्हा त्यांना ‘श्वासमुळे’ म्हणायला हवं होतं. ‘श्वसनमुळे’ वाचून मुलांना वाटतं की बाकीची मुळं श्वसन करतच नाहीत.

जाता जाता : सगळ्याच खारफुटीला तिवर म्हणू नका. तिवर वेगळं, कांदळ वेगळं, चिप्पी वेगळी. पांढरी चिप्पी 2020 साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली. वनखात्यानं ‘कांदळवन’ हा जुना शब्द उचलला हे मला फार आवडलं.

भांडुपची बाई
श्वासमुळे! वहीत लिहून घेतलं. बाष्पोच्छ्वासाचं काय? आणि पिंपळाचा तो फॉरवर्ड दर पावसाळ्यात येतो, पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो म्हणून. मुलं तोही उत्तरपत्रिकेत उतरवतात.

निवृत्त मास्तर, दादर
आधी फॉरवर्ड. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचे रेणू फुटून येतो आणि ते फोडायला प्रकाश लागतो. अंधारात हे काम बंद, मग झाड पिंपळ असो की वड. हिरव्या भागांना ऑक्सिजन सोडायला उजेड लागतो आणि अंधारात त्याच वनस्पती हवा बिघडवतात, हे यान इंगेनहाउझ यानं 1779 मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं.

निवडुंग, अननस, पानफुटी यांच्यासारख्या काही वनस्पती रात्री पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रे मिटून तेच वापरतात. कोरड्या हवेत पाणी वाचवायची ही युक्ती. पण रात्री त्या घेतात तो कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन सोडत नाहीत. पानफुटीचं पान पहाटे चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत आंबटपणा उतरतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतितज्ज्ञानं हे भारतातच चाखून पाहिलं आणि 1815 मध्ये कळवलं. मुंबईत कितीतरी खिडक्यांत पानफुटी असते. मुलांना सांगा, दात घासायच्या आधी एक तुकडा चावून बघा.

आता बाष्पोच्छ्वास. याच्या नावात उच्छ्वास असला तरी नातं श्वसनाशी कमी आणि प्रकाशसंश्लेषणाशी जास्त. कार्बन डायऑक्साइड हवा म्हणून पान रंध्रे उघडतं आणि उघड्या दारातून पाण्याची वाफ निसटते. झाड जेवणासाठी मोजतं ती किंमत म्हणा. पण त्याच वाफेच्या ओढीनं मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढतं आणि पान थंड राहतं. म्हणून मला ‘बाष्पोत्सर्जन’ हा शब्द बरा वाटतो. त्यात श्वास नाही.

घाटकोपर पूर्व
विषय थोडा वळवतो. आमच्या इमारतीत मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही माध्यमांची मुलं एकत्र अभ्यास करतात आणि ‘पेशी’ आली की भांडण. हिंदीवाल्याची पेशी म्हणजे आपला स्नायू. आपली पेशी म्हणजे त्याची कोशिका. त्याचा स्नायू म्हणजे दोन हाडं बांधणारा अस्थिबंध. गुजरातीत स्नायू आपल्यासारखाच, पण पेशीला कोष. बंगाली शेजारी म्हणतात, स्नायू म्हणजे चेतातंतू (नर्व्ह)! एका शब्दाची चार घरं.

अनुस्वार
व्वा, हा खरा खजिना. मूळ घर आयुर्वेदात आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 500 पेशी, 900 स्नायू, 700 सिरा मोजल्या आहेत. 500 पेशी म्हणजे मांसाचे 500 भाग, तेव्हा तिथे पेशी = मांसपेशी. स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. हिंदीनं दोन्ही अर्थ जवळपास जपले. मराठीत मात्र पेशीला सूक्ष्मदर्शकाखाली नेलं आणि रिकाम्या जागी स्नायूला बसवलं. आता स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला ‘स्नायुरज्जू’ म्हणावं लागतं, म्हणजे दोरीची दोरी.

मज्जेचंही तेच. अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला गर, हा जुना अर्थ. पण जुन्या मराठी पुस्तकांत नर्व्हस सिस्टिम ‘मज्जासंस्था’ आणि पाठीच्या कण्यातली दोरी ‘मज्जारज्जू’. आता चेतासंस्था आणि मेरुरज्जू आले ते फार चांगलं झालं. माझ्या लेखी गेल्या पिढीतली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती.

परळचा डॉक्टर
पण ‘पेशी’ आता हलवता यायची नाही. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की चाळीतली आजीसुद्धा विचारते, ‘डॉक्टर, पांढऱ्या पेशी किती झाल्या?’ पाठ्यपुस्तकातला शब्द इतक्या खाली झिरपलेला क्वचितच पाहिला. उलट रक्तपट्टिका कुणाच्याच तोंडी नाही, सगळे ‘प्लेटलेट’च म्हणतात.

लालबागची मावशी
तुम्ही सगळे संस्कृतात रमलात, जरा मटणाच्या दुकानात या. तिथे गुर्दा, भेजा, वजडी, कलेजी सगळं मिळतं आणि कुणाचा गोंधळ होत नाही. माझ्या नातवाला ‘वृक्क’ पाठ होत नव्हतं. म्हटलं, अरे, गुर्दा. लगेच कळलं. पण एक सांगा, कलेजी म्हणजे यकृत, मग ‘काळीज तुटलं’ म्हणताना आपण छातीवर हात का ठेवतो?

अनुस्वार
मावशी, काळीज दोन्हीकडे नांदतं. खाटकाकडे यकृत, कवीकडे हृदय. मराठीच नव्हे, हिंदी कलेजाही तसाच. परीक्षेत फक्त यकृत लिहायचं.

घाटकोपर पूर्व
आणखी एक. बातम्यांत ‘बिबट्यांची लोकसंख्या’ वाचतो. लोक म्हणजे माणसं ना?

तिवर
मलाही खटकतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले बिबटे म्हणजे लोक नव्हेत. त्यांच्यासाठी नुसतं ‘बिबट्यांची संख्या’ पुरतं. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असल्यानं कॅमेऱ्यानं टिपून एकेक बिबट्या ओळखता येतो, म्हणून ती मोजता तरी येते. पण जीवशास्त्रात पॉप्युलेशन म्हणजे नुसता आकडा नाही. एका जागी राहणारे, आपसात प्रजनन करणारे एकाच जातीचे जीव, तो सगळा गट. ‘संख्या’ म्हटलं की गट हातातून सुटतो. ‘समष्टी’ गट दाखवते, पण कानाला प्रवचन वाटते. मी ‘जीवसंख्या’वर समाधान मानतो. अनेक जाती एकत्र आल्या की ‘जीवसमुदाय’.

ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगो) प्रश्न आणखी अवघड. 2015 मध्ये तिथे अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं. पण हे पक्षी हंगामापुरते येतात, तेव्हा जानेवारीतली मोजणी म्हणजे वर्षभराची जीवसंख्या नव्हे.

भांडुपची बाई
जीवसंख्या बदलण्याची चार कारणं मी जन्म, मृत्यू, आगमन, निर्गमन अशी देते. पहिली दोन मुलांना पटकन पटतात, शेवटच्या दोघांसाठी उदाहरण लागतं.

निवृत्त मास्तर, दादर
ते आपल्या पायाखालीच आहे, आणि इथे तुम्हाला ‘लोकसंख्या’ बिनधास्त म्हणता येईल. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1.24 कोटी. पण त्यातला मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा भाग, 2001 मध्ये 33.38 लाख होता तो 2011 मध्ये 30.85 लाखांवर आला. तिथे जन्म काही थांबले नव्हते. गिरगाव, लालबाग, परळची कुटुंबं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. मुलांना घरी विचारायला सांगा, निम्म्या वर्गाचे आजोबा त्या निर्गमनात सापडतील.

लालबागची मावशी
माझे दोन्ही दीर त्यात आहेत. एक नालासोपाऱ्याला, एक कल्याणला.

अनुस्वार
जनगणनेला जुना मराठी शब्द ‘खानेसुमारी’. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. आधी घरं मोजायची, मग माणसं. बिबट्यांना मात्र ‘शिरगणती’च लागू, घरपट्टी नाही.